जुन्या पॉइंट-अँड-क्लिक गेममध्ये खरंच मजा होती, की नुसत्या आठवणी गोड आहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राच्या आग्रहाखातर 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा चाच्यांचा पॉइंट-अँड-क्लिक गेम (म्हणजे माउसने वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचा प्रकार) घेतला, तीन तासांत पाच वेळा वॉकथ्रू (गेमची उत्तरं पायरीपायरीने सांगणारा मजकूर) उघडावा लागला, गेम पुढे सरकला पण मजा काही आली नाही. मग हे गेम खरंच चांगले होते, की तेव्हा दुसरं काही नव्हतं म्हणून आता लोकांना उमाळे येतायत?

अर्धं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. त्यातले बरेच गेम छळवादीच होते. 'गॅब्रिएल नाइट 3' हा 1999 चा गेम घ्या. त्यात मोटारसायकल भाड्याने मिळवण्यासाठी दुसऱ्याचं सोंग घ्यायचं असतं. मग मांजराचे केस चिकटपट्टीवर पकडा, मेपल सिरपने ओठावर चिकटवा, झाली मिशी. गंमत म्हणजे ज्याचं सोंग घ्यायचंय त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही पेनने मिशी काढायची. हे ज्याला आपणहून सुचलं असेल त्याच्यापासून मी चार हात लांबच राहीन. 1990 चा 'किंग्ज क्वेस्ट 5' त्याहून दुष्ट. त्यात सुरुवातीला एक कस्टर्ड पाय (pie, म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) मिळतो आणि पुढे डोंगरात नायकाला भूक लागते. तुम्ही तो पदार्थ खाल्लात की संपलं, कारण नंतर हिममानवाच्या तोंडावर फेकायला तोच लागतो. खाण्याची वस्तू खाल्ली, एवढाच तुमचा गुन्हा. गेम तेव्हा काही बोलत नाही, तुम्हाला निवांत पुढे जाऊ देतो.

त्याआधीच्या गेममधल्या असल्याच प्रकारांना वैतागून रॉन गिल्बर्ट या गेम बनवणाऱ्याने 1989 मध्ये एक लेखच लिहिला होता, असे गेम भिकार का असतात यावर. पुढच्याच वर्षी टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांना बरोबर घेऊन त्याने मंकी आयलंड काढला. त्यात तुम्ही चुकून मरत नाही आणि पहिल्या बेटावर काही विसरलात म्हणून शेवटी डोकं आपटत बसावं लागत नाही. (मरायची एक सोय आहे. नायक गायब्रश फुशारकी मारतो की मी पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. एके ठिकाणी तो पाण्याखाली असताना खरोखर दहा मिनिटं नुसतं बघत बसा. शब्दाचा पक्का आहे बिचारा.)

आता ग्रॉगबद्दल बोलू, कारण तुमची मजा कुठे गेली ते तिथे दिसेल. खानावळीत चाच्यांशी बोललात तेव्हा त्यांनी ग्रॉग या पेयात काय काय जहाल घालतात ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की ते पेय पेले खाऊन टाकतं, नवे पेले घेता घेता आचाऱ्याचं दिवाळं निघायची वेळ आली आहे. आपण हसतो आणि पुढे जातो. बऱ्याच वेळाने तुरुंगातल्या कोठडीचं कुलूप समोर येतं, आणि किल्ली काही कुठे सापडत नाही.

मी तिथे तीन संध्याकाळी अडकलो होतो. ग्रॉगने कुलूप विरघळेल हे दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. पेला भरला, धावत सुटलो, आणि अर्ध्या रस्त्यात पेला वितळून ग्रॉग जमिनीवर. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मी जवळचा रस्ता शोधत बसलो. माझा धाकटा भाऊ, ज्याला तेव्हा धड इंग्रजी वाचता येत नव्हतं, मागून म्हणाला, "दादा, सगळेच पेले घे ना. एक गळायला लागला की दुसऱ्यात ओत." तसं केलं. तिसरा पेला गळायला लागला तेव्हा तुरुंगाचं दार दिसलं आणि आम्ही दोघंही ओरडलो.

वॉकथ्रूमध्ये हे सगळं एका ओळीत असतं: पेले घ्या, ग्रॉग भरा, कुलपावर ओता. तुम्ही ती ओळ वाचलीत आणि कुलूप उघडलं. पण या गेममध्ये कुलूप उघडण्यात काही नाहीच हो. उत्तर आपल्याला आधीच सांगितलं होतं आणि आपण ते विनोद समजून सोडून दिलं, हे ज्या क्षणी कळतं, तो क्षण तुम्ही पाचही वेळा दुसऱ्याच्या हातात दिलात. अडकणं हा या गेमचा दोष नाही, गेम तिथेच आहे. फक्त अडकवणारा प्रामाणिक हवा.

अडकलात की सरळ संगणक बंद करा. उत्तरं मला बहुतेक वेळा दात घासताना नाहीतर झोपताना सुचली आहेत. बसायचंच असेल तर सगळ्यांशी पुन्हा बोला, झोळीतली प्रत्येक वस्तू पुन्हा नीट बघा. अगदीच जमेना, तर 2009 च्या नव्या आवृत्तीत गेमच्या आतच सूचना आहेत. त्या आधी नुसतं सूचक बोलतात आणि मग हळूहळू उलगडून सांगतात. ती फसवणूक मी मानत नाही.

एका ठिकाणी मात्र तुम्हाला वॉकथ्रू माफ आहे. याच मालिकेच्या दुसऱ्या भागात, 1991 च्या, एक धबधबा बंद करायला पंपाचं नट फिरवावं लागतं. ते कशाने, तर संमोहित होऊन ताठ झालेल्या माकडाने! कारण इंग्रजीत एका पान्ह्याला मंकी रेंच म्हणतात. आपण आयुष्यभर पान्हा म्हणणारी माणसं, आपल्याला हे सात जन्मात सुचायचं नाही.

मंकी आयलंडवरून मन उडालंच असेल तर 1993 चा 'डे ऑफ द टेंटॅकल' घ्या, 2016 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आहे. एकाच घरात तीन माणसं, एक आजच्या काळात, एक दोनशे वर्षं मागे, एक दोनशे वर्षं पुढे. भूतकाळातल्या माणसाला व्हिनेगर हवं असतं आणि ते कुठेच नसतं. वाइनची बाटली मात्र असते. पुढचं मी सांगणार नाही.

आणि तुमचा अर्धवट राहिलेला गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. तलवारबाजीचा भाग अजून आला नसेल तर तिथपासून वॉकथ्रू बंद. तिथे लढाई तलवारीने नाही, टोमण्यांनी जिंकायची असते, आणि नवे टोमणे कळतात ते समोरच्याकडून हरताना. खुशाल हरा. तलवारबाजीची गुरू भेटेल तेव्हा ती तुमच्या पाठांतरातला एकही टोमणा मारणार नाही, पण पाठ केलेली प्रत्युत्तरं मात्र चपखल बसतील. कुठलं कशाला, ते तुम्हीच लावा.