नंबरवर क्लिक केल्यावर टीम्सच उघडायला हवं असेल तर

ताई, तुमची अडचण मला अशी समजली. नागपूरच्या इतवारीतलं ठोक मालाचं ऑफिस, विंडोज ११ ची १८ मशीन, सगळ्यांवर मायक्रोसॉफ्टचं टीम्स (मीटिंग आणि कॉलचं ॲप), आणि बाहेर फोन लावायचं कनेक्शनही रीतसर घेतलेलं. पण ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीच्या नंबरवर क्लिक केलं की कुठे विंडोजचं फोन लिंक ॲप उघडतं, कुठे झूम, आणि एका मशीनवर तर जुनं स्काईप. बरं, टीम्स उघडलंच तरी नागपूरच्या लँडलाईनचे ०७१२ चे नंबर लागत नाहीत. तुम्ही दोन दिवस टीम्सच्या सेटिंगमध्ये शोधत बसलात. तिथं ते सापडणार नव्हतंच.

नंबरवर क्लिक झालं की ब्राउझर ‘टेल’ नावाची लिंक विंडोजच्या हवाली करतो. ती कोणत्या ॲपला द्यायची हे विंडोज ठरवतं, टीम्सला त्यात कोणी विचारत नाही. म्हणून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डिफॉल्ट ॲप्स उघडा आणि वरच्या चौकटीत ‘टेल’ इंग्रजीत (tel) टाईप करा. आत्ता ती लिंक कोणाच्या ताब्यात आहे ते दिसेल. तिथं टीम्स निवडा. लगेच ‘कॉलटू’ (callto) आणि ‘सिप’ (sip) याही लिंका बघून घ्या, जुनी सॉफ्टवेअरं त्या वापरतात. काही मशीनवर टीम्सची दोन चिन्हं दिसतील, त्यातलं एक जुन्या आवृत्तीचा उरलेला सांगाडा असतो. तो आधी काढून टाका. मग ब्राउझरमध्ये पहिल्या क्लिकला ‘टीम्स उघडू का’ असं विचारलं जाईल, तिथं ‘नेहमी परवानगी’वर खूण करा.

स्काईपवालं मशीन मला अजिबात नवीन नाही. बिझनेसवालं ऑनलाईन स्काईप ३१ जुलै २०२१ ला बंद झालं, घरगुती स्काईप ५ मे २०२५ ला. ॲप बंद पडलं तरी ते मशीनवर बसलेलं असेल तर लिंक त्याच्याकडेच जात राहते. क्लिक करणाऱ्याला वाटतं नेटच गेलं.

तुमच्या ऑफिसातल्या पोरानं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, बदल करून पाहिला आणि तो टिकला नाही, असं तुम्ही लिहिलंय. टिकणार नाहीच. विंडोज ८ पासून वापरणाऱ्याच्या निवडीसोबत एक हॅश, म्हणजे त्या निवडीवरून काढलेला पडताळणीचा कोड, ठेवलेला असतो. हातानं केलेला बदल त्याच्याशी जुळला नाही की विंडोज तो मानत नाही. डोमेन, म्हणजे सगळी मशीन एका सर्व्हरच्या ताब्यात, असतं तर एका मशीनची निवड एक्सएमएल फाईलमध्ये काढून ग्रुप पॉलिसीनं सगळीकडे लावता आली असती. पण १८ मशीनसाठी एवढा खटाटोप काहून करायचा? एका दुपारी स्वतः टेबलाटेबलावर फिरा.

आता ०७१२. माझ्या मते तुमची खरी डोकेदुखी इथंच आहे.

टीम्सला नंबर आंतरराष्ट्रीय साच्यात लागतो: अधिक चिन्ह, देशाचा कोड, मग बाकीचे आकडे, सगळे मिळून जास्तीत जास्त १५. म्हणजे नागपूरच्या लँडलाईनचं शून्य जातं आणि +९१ ७१२ च्या पुढे सात आकडे येतात. पण आपल्याकडच्या यादीत नंबर नाना तऱ्हांनी लिहिलेले असतात. जुन्या मुनीमजींनी नुसते सात आकडे लिहिलेले, कोणी ०७१२ सकट. मोबाईलपुढेही काहींनी शून्य लावलेलं, कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला ते लावावंच लागतं. आणि एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून दोन नंबर हा तर आपल्या बाजाराचा आवडता प्रकार. तो कोणत्याही नियमानं सुटत नाही, रकाना वेगळाच करावा लागतो.

आधी मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन सेंटरमध्ये (जिथून ऑफिसची खाती सांभाळतात) प्रत्येकाचा देश भारत आहे ना ते तपासा. टीम्स त्यावरूनच मूळ डायल प्लॅन, म्हणजे दाबलेला नंबर आंतरराष्ट्रीय साच्यात बदलायचे नियम, लावतं. चुकून अमेरिका राहिली असेल तर नंबरांची वाट लागते. मग स्वतःचा डायल प्लॅन करून त्यात तीन नियम घाला. शून्य आणि पुढे दहा आकडे असतील तर शून्य काढून +९१. नुसते सात आकडे असतील तर त्यांच्या आधी +९१७१२. दोन ते नऊपैकी आकड्यानं सुरू होणारे दहा आकडे असतील तर +९१. एकनं सुरू होणारे मुद्दाम सोडलेत, कारण १८०० चे काही टोल फ्री नंबरही दहा आकडीच असतात. नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळेल तो लागतो. प्रत्येक नियमाला सुरुवातीची (^) आणि शेवटची ($) खूण लावाच, म्हणजे नंबरचा तुकडा नाही तर पूर्ण नंबर जुळला तरच नियम लागतो. मी एकदा ती विसरलो आणि सात आकड्यांचा नियम सगळ्यात वर ठेवला. मोबाईल नंबरांनाही नागपूरचा कोड चिकटायला लागला बाप्पा. अर्धा दिवस मी फोन कंपनीला शिव्या घालत होतो.

यादी एक्सेलमधून येत असेल तर नंबर भरायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर एक्सेल पुढचं शून्य खातं, अधिक चिन्हही खातं, आणि ९१ सकट बारा आकडे झाले की ई वाला भलताच आकडा दाखवतं.

एखाद्याच्या टीम्समध्ये डायल पॅडच दिसत नसेल तर सेटिंग शोधू नका. त्याला परवाना किंवा नंबर दिलेला नसतो, नाहीतर पॉलिसीत बाहेरचे कॉल बंद असतात. आणि कोणी ‘इंटरनेटवरून फुकट लँडलाईन’ची जुगाड योजना घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आपल्या देशात परवानाधारक ऑपरेटरला वळसा घालून इंटरनेट कॉल साध्या फोनच्या जाळ्यात सोडणं बेकायदा आहे.

आवाजाचं थोडक्यात. हेडसेट टीम्सच्या ‘डिव्हाइसेस’मध्ये निवडा आणि तिथूनच टेस्ट कॉल लावा. कॉल आला की टॅलीचा किंवा गाण्याचा आवाज एकदम पडतो अशी तक्रार येईल. ते विंडोजच करतं, बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायची त्याची मूळ सवय आहे. जुन्या साऊंड पॅनेलच्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये ‘काही करू नका’ निवडा. फोन न उचलल्यास २० सेकंदांनी पुढे जातो, ते ‘कॉल्स’मध्ये वाढवून घ्या. गोदामातून माणूस टेबलापर्यंत यायला तेवढे पुरत नाहीत.

स्पीडसाठी मोठा प्लॅन घेऊ नका. एका आवाजी कॉलला साधारण १०० केबीपीएस लागतात. त्यापेक्षा राऊटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घ्या. मे महिन्यात ४५ डिग्रीत लाईट गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर चालू आणि राऊटर बंद, असं कितीतरी ऑफिसांत पाहिलंय.

एका मशीनवर सगळं झालं की चार फोन लावून बघा: स्वतःचा मोबाईल, शून्य लावून तोच मोबाईल, सात आकडी लँडलाईन आणि एखादा १८००. डायल प्लॅनमधला बदल लागू व्हायला वेळ लागतो, तेव्हा पहिला फोन लागला नाही म्हणून लगेच नियम उपसायला घेऊ नका. दुसऱ्या दिवशीही सात आकडी अडला तर तो नियम जसाच्या तसा इथं टाका, बघतो.