‘दातांच्या डॉक्टरांना हे सांगायचं कशाला?’

"मॅडम, दाढ दुखतेय. दाढेपुरतं बोलावं ना! बाकीचं कशाला सांगायचं?"

मी दातांची डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. तरी हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीतून मी इतक्यांदा ऐकला आहे की, आता तो ओठांवर येण्याआधीच मला चेहऱ्यावर दिसतो. विचारणारे बहुतेक जण व्यसनातून बाहेर आलेले असतात, काही अजून अडकलेले असतात. पण नैराश्याच्या गोळ्या कित्येक वर्षं घेणारी एखादी बाईही हेच विचारते. फिटचं औषध चालू असलेला मुलगा विचारतो. जेवणानंतर गुपचूप उलटी काढणारी मुलगी तर विचारतसुद्धा नाही, ती दवाखान्यात जाणंच टाळते. प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती असते: तोंड उघडलं की आपलं सगळं उघडं पडेल.

यांपैकी एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात-आठ महिन्यांच्या भेटी चार प्रसंगांत आवळल्या आहेत.

वय चाळिशीच्या अलीकडे. हेरॉइन सोडून दोन वर्षं झालेली. मनोविकारतज्ज्ञांनी ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनची ओढ आवरून धरणारं औषध, सुरू केलेलं. ही गोळी गिळायची नसते, जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची असते. शिवाय रात्री नैराश्यासाठी एक गोळी. दोन्ही वेळच्या वेळी घ्यायचे, नोकरी परत मिळवली होती, घरी बोलणं सुरू झालं होतं. पण बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायचे. पाण्याची बाटली कायम मांडीवर, दर दोन वाक्यांनंतर एक घोट. उजव्या गालावर नकळत हात जायचा.

"दाढ दुखतेय का?" मी एकदा विचारलं.

"चार महिने झाले."

"दाखवली?"

"नाही." थोडं थांबून म्हणाले, "एकदा गेलो होतो. त्यांनी आरसा आत घातला आणि म्हणाले, तुमच्यासारख्यांचे दात असेच असतात. मी उठून आलो."

त्या वाक्याचा राग मला आजही येतो. असं बोलणाऱ्या डॉक्टरची बाजू मी घेणार नाही. पण माझी घडण विवेकनिष्ठ विचारांत झाली आहे. कोणी काय म्हटलं याइतकंच, ते ऐकून माणूस स्वतःला काय सांगतो, हेही मी शोधत असते. म्हणून मी विचारलं, "त्यांचं वाक्य तिथं संपलं. त्यापुढे तुम्ही स्वतःला काय म्हणालात?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "म्हटलं, बरोबरच आहे. केलंय ते भोगायचं."

दोन-तीन भेटी आम्ही याच वाक्याभोवती फिरलो. वागणं चुकीचं असणं आणि माणूस टाकाऊ असणं या दोन गोष्टी निराळ्या, हे त्यांना बुद्धीनं पटायचं. मान हलवायचे. आणि दवाखान्यात जायचे नाहीत. माझं काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

मग एका भेटीत मी म्हटलं, "आज तुम्ही दातांचे डॉक्टर व्हा. मी तुम्ही होते."

त्यांना ते जरा पोरकट वाटलं असावं, पण खुर्ची ओढून समोर बसले. मी ओठ खाली ओढून धरला. त्यांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

"काय होतंय?"

"दाढ दुखतेय."

"काही गोळ्या-औषधं चालू आहेत?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

ते गप्प झाले. डॉक्टरची भूमिका त्यांच्या चेहऱ्यावरून गळून पडली. "मॅडम, असं सांगितलं तर तो डॉक्टर बिचारा काय करणार?"

"मग पुन्हा विचारा."

"काही औषधं चालू आहेत?"

"जिभेखाली एक गोळी ठेवतो. दोन वर्षं झाली."

"विरघळायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं. अगदी सहज, आवाजात कुठलाही निवाडा नव्हता. आणि स्वतःच्याच प्रश्नावर अडखळले. "दहा मिनिटं लागतात. म्हणजे रोज दहा मिनिटं ती तोंडातच असते की."

त्यानंतर जे बाहेर आलं ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. "मॅडम, एक सांगू? नशा करत होतो तेव्हा दात कधी दुखले नाहीत. सोडल्यावर सडायला लागले. ही गोळीच दात खातेय असं मला वर्षभर वाटतंय. पुढच्या महिन्यापासून बंद करणार होतो. कोणाला सांगितलं नव्हतं."

इतके दिवस मी लाजेशी बोलत होते आणि लाजेच्या मागे एक साधा, रास्त प्रश्न दडून बसला होता. त्याचं उत्तर मिळालं नसतं तर हा माणूस दात वाचवायला म्हणून गोळी सोडणार होता. ब्युप्रेनॉर्फिन मनानं बंद केलं की परत नशेकडे जाण्याचा धोका खूप वाढतो. आणि मध्ये खंड पडलेला असताना शरीराला नशेचा पूर्वीचा डोस पेलत नाही, त्यातच जीव जातो. एका दाढेच्या आडून हे सगळं येऊन उभं राहिलं होतं.

मी डॉक्टर नाही. त्यांच्या परवानगीनं मनोविकारतज्ज्ञांशी बोलले, मिळेल ते वाचलं आणि पुढच्या भेटीत आम्ही दोघांनी मिळून कोडं सोडवलं.

हेरॉइन हे अफूच्याच घराण्यातलं, म्हणजे मुळात जबरदस्त वेदनाशामक. नशेच्या वर्षांत दात किडत होतेच, दुखणं दबलेलं होतं. त्या काळात गोडाची ओढ वाढलेली, खाण्याला वेळ-काळ नाही, ब्रश कुठला आलाय! नशा सुटली आणि जुनं दुखणं जागं झालं. दात सोडल्यावर सडले नव्हते, सोडल्यावर कळले होते.

पण त्यांचा संशय अगदीच खोटाही नव्हता, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जानेवारी २०२२ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती: तोंडात विरघळवायच्या ब्युप्रेनॉर्फिनमुळे दात किडणं, जंतुसंसर्ग, दात गमावणं असे त्रास नोंदले गेले आहेत, ज्यांना आधी दातांची काहीच तक्रार नव्हती अशांमध्येसुद्धा. त्याच सूचनेत असंही बजावलं होतं की, औषधाचा फायदा या धोक्यापेक्षा स्पष्टपणे मोठा आहे, ते थांबवू नका. उपाय अगदी साधा सांगितला आहे. गोळी पूर्ण विरघळली की पाण्याचा मोठा घोट घ्यायचा, दात-हिरड्यांवरून हळुवार फिरवायचा आणि गिळायचा. त्यानंतर निदान एक तास ब्रश करायचा नाही, म्हणजे तोंड पूर्वपदावर यायला वेळ मिळतो.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच. आणि लाळ."

लाळेबद्दल मी जरा रमून बोलते, कारण या सगळ्या गोष्टीची किल्ली तिथं आहे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. गोड खाल्लं की जंतू त्याचं आम्ल करतात, लाळ ते आम्ल मारते आणि दाताला गेलेला चुना परत देते. हे दिवसभर चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. नैराश्याच्या, ॲलर्जीच्या, रक्तदाबाच्या कित्येक औषधांनी ही लाळ आटते. अफूजन्य पदार्थांनी आटते, मेथॲम्फेटॅमिन या उत्तेजक नशेनं आटते. मग कीड एरवी सहसा न लागणाऱ्या जागी लागते: पुढच्या दातांना, हिरडीच्या कडेला. मांडीवरची ती पाण्याची बाटली मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. मी तिला अस्वस्थपणा समजत होते. ते कोरडं तोंड होतं.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं. "म्हणजे ही शिक्षा नाही."

"नाही. ही लाळ कमी पडतेय."

त्या दिवशी माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. ‘तुम्ही वाईट नाही’ असं शंभरदा म्हणून जे हललं नव्हतं, ते कारण कळल्यावर हललं. शिक्षेला उपाय नसतो, कारणाला असतो. तेव्हापासून लाजेनं गोठलेला माणूस समोर आला की मी आधी विचारते, ‘हे का होतंय असं तुम्हाला वाटतं?’ आणि उत्तर पूर्ण ऐकून घेते. या एका प्रश्नानं माझं काम बदललं, असं मी समाधानानं म्हणू शकते.

आता मूळ प्रश्न. सांगायचं कशाला? कारण दातांच्या डॉक्टरांच्या हातातली सुई, औषध आणि पक्कड तुमच्या उत्तरावर चालते. बधिर करण्याच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा ॲड्रेनॅलिन असतं. गेल्या चोवीस तासांत कोकेन किंवा मेथॲम्फेटॅमिन घेतलं असेल तर तेच इंजेक्शन रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांचा घात करू शकतं. अशा वेळी खरं सांगितलं तर फार तर तारीख पुढे जाईल. दारू जास्त होत असेल तर रक्तस्राव आणि यकृत या दोन्हींचा विचार करून औषधं निवडावी लागतात. दारूचं किंवा अफूजन्य पदार्थांचं व्यसन सुटावं म्हणून दिलेलं नॅलट्रेक्सोन चालू असेल तर अफूजन्य वेदनाशामकांचा उपयोग होत नाही, आणि तो व्हावा म्हणून डोस वाढवत जाणं जिवावर बेततं. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांनी अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा वापरू नये.

नशेचा संबंध नसलेल्यांनाही हेच लागू आहे. रक्त पातळ करणारी गोळी सांगायची, पण दात काढायचा म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली गोळी किंवा इंजेक्शन, वर्षापूर्वीचं असलं तरी सांगायचं, कारण त्यातल्या काही औषधांनंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर काही उपचारांआधी प्रतिजैविक द्यावं लागतं. तो फिटचं औषध घेणारा मुलगा हिरड्या सुजून दातांवर चढल्या म्हणून हसणं सोडून बसला होता. फेनिटॉइननं असं होतं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होतं, आणि डॉक्टरांना माहीत असेल तर त्यावर इलाज असतो. मधुमेहात साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. उलटी काढणाऱ्या मुलीला मी एवढंच म्हटलं होतं की, उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, आम्लानं मऊ झालेलं दाताचं कवच घासलं जातं. नुसत्या पाण्यानं किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भर. दाताच्या निमित्तानं ती पहिल्यांदा उलटीबद्दल बोलली.

मेथॲम्फेटॅमिन घेणाऱ्यांच्या काळ्याठिक्कर दातांची चित्रं लावून लोकांना घाबरवण्याची रीत मला मान्य नाही. कोरडं तोंड, सतत आवळलेले जबडे, गोड पेयं आणि ब्रशाविना गेलेले दिवस यांचा तो परिणाम असतो. चित्र पाहून ज्याला स्वतःची किळस येते, तो दवाखान्यात जात नाही, तोंड मिटून घेतो.

आमच्या गृहस्थांची दुसरी भीती वेदनाशामकाची होती. "दात काढल्यावर त्यांनी तसलं काही लिहून दिलं तर? चिठ्ठी हातात आली की माझं मला सांगता येत नाही." ही भीती मला फार शहाणपणाची वाटली. दात काढल्यानंतरचं दुखणं आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून बहुतेकांना आवरतं, अफूजन्य गोळीची गरज सहसा पडत नाही. मूत्रपिंड, जठर किंवा यकृताची तक्रार असेल तर मात्र तेही डॉक्टरांना विचारूनच. ब्युप्रेनॉर्फिन त्यासाठी थांबवायचं नाही, दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायचं. चिठ्ठी आणि गोळ्या बायकोकडे राहतील असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

मग आम्ही एक कागद तयार केला. औषधांची नावं, डोस, कधीपासून. खाली एक वाक्य, त्यांच्याच अक्षरात: ‘मी दोन वर्षं नशेपासून दूर आहे, मला अफूजन्य वेदनाशामक देऊ नये.’ बोलायला जमलं नाही तर कागद पुढे करायचा. कोणी पुन्हा टोचून बोललं तर? तेही घोकलं: "डॉक्टर, मी उपचारांसाठी आलोय. ही माहिती तुम्हाला लागेल म्हणून देतोय." तरीही वागणं बदललं नाही तर उठायचं, पण घरी न जाता दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्यायची.

दरम्यान घरचं काम सुरू झालं होतं. गोळीनंतर पाण्याचा घोट आणि तासाची वाट. फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा, थुंकल्यावर खळखळून चूळ न भरता. बाटलीत साखरेचं पेय नाही, पाणीच. दिवसा बिनसाखरेचं च्युइंग गम, त्यानं लाळ सुटते.

नवीन डॉक्टर बाईंकडे ते गेले. कागद पुढे केला. बाईंनी तो पूर्ण वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळी विरघळल्यावर पाणी पिता ना?"

"मॅडम, मला उत्तर येत होतं," हे मला सांगताना त्यांचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

दुखरी दाढ वाचण्यासारखी नव्हती, ती काढावी लागली. पुढचे चार दात भरता आले. आणखी एका दाढेचं काम लांबणार होतं. पुढच्या आठवड्यात सकाळी त्यांचा निरोप आला. इतक्या महिन्यांत त्यांनी माझी एकही भेट चुकवली नव्हती.

"मॅडम, मंगळवारी जमणार नाही. रूट कॅनाल आहे."