वाचकांचे प्रश्न : घरच्या लिनक्सला टेप ड्राइव्ह

प्रश्न : लिनक्स असलेल्या घरच्या संगणकावर फोटो-व्हिडिओंचा ४ टेराबाइट डेटा आहे. बॅकअपसाठी सेकंडहँड एलटीओ ड्राइव्ह (एलटीओ हा डेटा साठवायच्या टेपचा एक प्रकार) घ्यायचा आहे. कोणता चालेल? ड्रायव्हर कुठून मिळेल?

उत्तर : ड्रायव्हर शोधावा लागत नाही. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला ‘एसटी’ आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधला ‘एसए’ हे ड्रायव्हर एलटीओ ड्राइव्ह ओळखतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. व्यवहार फसतो तो जोडणीपाशी, म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न इंटरफेसचा, म्हणजे जोडणीच्या प्रकाराचा विचारा. स्वस्तात दिसणारे बरेच ड्राइव्ह फायबर चॅनेल या वेगळ्या जोडणीचे असतात किंवा टेप लायब्ररीतून (अनेक टेप आपोआप बदलणाऱ्या यंत्रातून) काढलेले. लायब्ररीतल्या ड्राइव्हला स्वतःची पेटी वा पॉवर सप्लाय नसतो, कधी फर्मवेअरही वेगळे असते. ते टाळा. हाफ-हाइट (कमी उंचीचा), स्वतंत्र वापराचा, सॅस (SAS) जोडणीचा ड्राइव्ह घ्या.

मदरबोर्डच्या साटा पोर्टला सॅस ड्राइव्ह जोडता येत नाही. त्यासाठी सॅस एचबीए कार्ड, म्हणजे संगणकात बसवायचे जोडणीचे कार्ड लागते. एलएसआयची एसएएस-२००८ चिप असलेले कार्ड लिनक्समध्ये विनासायास चालते. अनेक डिस्क एकत्र चालवणारे रेड (RAID) कार्ड मात्र नको, त्यातली बरीच टेप ड्राइव्ह पुढे दाखवतच नाहीत. केबल घेण्याआधी कार्डाचा आणि ड्राइव्हचा कनेक्टर जुळतो का पाहा.

आता पिढी, म्हणजे एलटीओपुढचा आकडा. टेपच्या पाकिटावरचा क्षमतेचा मोठा आकडा डेटा आकसेल असे धरून छापलेला असतो. फोटो-व्हिडिओ आधीच आकसलेले असतात, त्यामुळे मूळ क्षमताच धरा. एलटीओ-५ ची १.५ टेराबाइट, म्हणजे तुम्हाला तीन टेप. एलटीओ-६ ची २.५, म्हणजे दोन. आमचा कौल एलटीओ-६ ला. तो एलटीओ-५ च्या टेपवर लिहितो आणि एलटीओ-४ च्या वाचतो. एलटीओ-८ घेणार असाल तर ध्यानात ठेवा, तो एलटीओ-६ च्या टेप वाचतसुद्धा नाही.

प्रश्न : टार (फायली एकत्र करून टेपवर लिहिणारी कमांड) चालू असताना ड्राइव्ह सारखा थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा लिहू लागतो. ड्राइव्ह बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही, त्याला डेटा वेळेत पोचत नाही. एलटीओ-६ चा वेग सेकंदाला १६० मेगाबाइट. ड्राइव्ह आपला वेग काही प्रमाणात उतरवतो, पण हजारो बारीक फायली वाचणारी हार्ड डिस्क त्याहूनही मागे पडते. ही ये-जा टेप आणि हेड दोन्ही झिजवते, तेव्हा चालवून घेऊ नका. टार आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये ‘एमबफर’ हा डेटा मेमरीत साठवून पुढे देणारा प्रोग्राम लावा, त्याला काही गिगाबाइट मेमरी द्या आणि ती जवळजवळ भरल्यावरच लिहायला सुरुवात होईल असे सांगा. टारचा ब्लॉकिंग फॅक्टर (एका ब्लॉकमध्ये ५१२ बाइटचे किती तुकडे) मूळच्या २० ऐवजी ५१२ करा, म्हणजे २५६ किलोबाइटचा ब्लॉक होतो. एमबफरलाही तोच आकार द्या. हा आकार टेपच्या लेबलवर लिहा. वाचताना त्याहून लहान आकार दिला तर लिनक्स ‘मेमरी मिळत नाही’ अशी त्रुटी दाखवते आणि माणूस उगाच रॅम तपासत बसतो.

एकाच टेपवर दुसरा बॅकअप जोडायचा असेल तर ड्राइव्हचे ‘एसटी०’ (st0) हे नाव नव्हे, ‘एनएसटी०’ (nst0) हे नाव वापरा आणि आधी ‘एमटी’ कमांडने टेप लिखाणाच्या शेवटाला न्या. ‘एसटी०’ प्रत्येक कामानंतर टेप सुरुवातीला गुंडाळतो. पुढचे लिखाण थेट आधीच्या बॅकअपवर होते.