जुनं कार्ट्रिज घेतोयस? आधी हे वाच

गेम बॉयवर (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) 'पोकेमॉन रेड' पहिल्यांदाच खेळणार आहेस ना, मग माझं ऐक आणि सुरुवातीला निवडायच्या पोकेमॉनपैकी बल्बासॉर घे. आगीचा चारमँडर दिसायला झकास, पण पहिला जिम लीडर (पुढे जायला हरवावा लागणारा तगडा प्रतिस्पर्धी) ब्रॉक दगडाचे पोकेमॉन काढतो, दुसरी मिस्टी पाण्याचे. तिथे आगीची डाळ शिजत नाही. (मी चारमँडरच घेतला होता. रडलोही.)

खरी गोम मात्र कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात घालायच्या गेमच्या डबीत आहे. सेव्ह केलेला खेळ आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर जगतो. ती मेली की सगळं गेलं. माझ्या 'पोकेमॉन गोल्ड'चं तेच झालं. एकदा चालू केलं तर मेनूत 'कंटिन्यू' गायब, वर थेट 'न्यू गेम'. बराच वेळ नुसता बघत बसलो. 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवते, त्यामुळे लवकर बसते. बॅटरी सोल्डर केलेली असते आणि ती काढताच सेव्ह पुसलं जातं, म्हणून बदलायची ती खेळ सुरू करण्याआधीच, आणि जमत नसेल तर जाणकाराकडून.

'रेड'मध्ये पकडलेले पोकेमॉन ठेवायच्या एका बॉक्समध्ये 20च मावतात. तो भरला आणि सोबतची टीमही भरलेली असली की पुढचा पकडताच येत नाही, बॉक्स हाताने बदलावा लागतो. समोर दुर्मीळ काही आलं की नेमकं हे आठवतं!

आणि हॉन्टर या पोकेमॉनचा गेंगार (त्याचं पुढचं रूप) हवा असेल, तर अदलाबदलीसाठी दोन गेम बॉय जोडणारी लिंक केबल आणि दुसरा खेळाडू लागणारच. 150 पोकेमॉन पुरे करायला तर 'पोकेमॉन ब्लू'वालाच गाठ.