जिगिंगचा रॉड मोडला आणि विक्रेत्याने हात वर केले, तेव्हा

मालवणबाहेरच्या खडपांवर १२० ग्रॅमची जिग (धातूचे जड आमिष) खालीवर झटकत चालवताना, मासा लागलेला नसतानाही रॉड (मासेमारीची काठी) टोकाकडे मोडला आणि विक्रेत्याने ‘वापरणाऱ्याचा दोष’ म्हणून दावा नाकारला, हे तुमचे लेखन वाचून माझा जुना मनस्ताप पुन्हा जागा झाला. लीडर, गाठी, रीलची निवड हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

मासा नसताना रॉड मोडणे मुळीच नवलाचे नाही. रॉड म्हणजे कार्बनची पोकळ नळी, आणि ती तिची गोलाई शाबूत असेपर्यंतच भार पेलते. होडी हलताना लटकती जिग नळीवर आपटत राहिली की आतल्या थरांना इजा होते, वरच्या रंगावर कदाचित ओरखडाही दिसत नाही, आणि पुढे कधीतरी साध्या झटक्यात रॉड तिथूनच जातो. म्हणजे मोडण्याचा क्षण आणि मोडण्याचे कारण यांत महिन्यांचे अंतर असू शकते.

माझा रॉड असाच मोडला, तेव्हा हमी विभागाला एवढीच गोष्ट ऐकून घ्यायची नव्हती. त्यांनी आधी पावती मागितली, मग रॉडवरच्या क्रमांकाचे छायाचित्र मागितले, मग दोन्ही तुकडे पाठवायला सांगितले. एवढे लांब पार्सल घ्यायला कुरिअरवाले तयार होईनात, त्याची सोय मीच करायची होती. अखेरीस एका ओळीचे उत्तर आले, ‘अतिभारामुळे मोडला.’ किती भार, तो कशावरून ठरवला, तपासणी कोणी केली, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. केवळ वरचा भाग विकत मागितला तर तो सुटा मिळत नाही म्हणाले, आणि तुकडे परत मागितले तेव्हा ते नष्ट केल्याचे कळले. पुरावाच त्यांच्या हाती देऊन बसल्यावर पुढे भांडायचे कशाच्या बळावर?

म्हणून तुम्ही तुकडे पाठवण्याआधी मोडलेल्या दोन्ही टोकांची आणि मुठीजवळ छापलेल्या जिगच्या वजनमर्यादेची जवळून छायाचित्रे काढा, बोलणे फोनवर न करता ईमेलवर करा आणि तुकडे परत मिळतील असे लेखी घ्या. मी वकील नाही, हे लक्षात असू द्या; पण ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते.

आता थोडे कटू लागेल असे. तुमच्या रॉडवर कमाल ८० ग्रॅम छापले असेल, तर विक्रेत्याचे म्हणणे निदान अर्धे खरे आहे. उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ वाढली की जिग तळाशी टिकत नाही, म्हणून लोक जड जिग बांधतात आणि रॉड मात्र तोच ठेवतात. माझ्या मते हलका रॉड घेऊन जायचे तर भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेले दिवस निवडावेत. जिग खडपात अडकली तर रॉड वाकवून ओढू नये. तो दोरीच्या सरळ रेषेत धरावा किंवा दोरी लाकडी दांड्याला गुंडाळून ओढावी. ब्रेड (बारीक विणलेली) दोरी उघड्या हातावर गुंडाळली तर ती कातडी कापते.

निगेविषयी माझे मत ठाम आहे, कोणाला ते अतिरेकी वाटले तरी चालेल. घरी आल्यावर रॉड गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा, रील काढून तिची बैठकही पुसावी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कापडी पिशवीत घालू नये. ओल्या पिशवीत गाइडच्या (रॉडवरच्या, दोरी ओवायच्या कड्यांच्या) पायांशी मीठ आणि गंज धरतो. जूनमध्ये होड्या बंद झाल्यावर रॉड महिनोन्‌महिने भिंतीला तिरका टेकवून ठेवणेही वाईटच. गाइडच्या कड्यातून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. धागे अडकले तर कडे तडकले आहे असे समजावे आणि ते आधी बदलावे, कारण तसले कडे महागडी ब्रेड दोरी मुकाट्याने खरवडत राहते.

दावा फसलाच आणि तुटलेला भाग टोकापासून काही इंचांचाच असेल, तर रॉड टाकून देऊ नका. मोडलेली कड बारीक पॉलिश पेपरने साफ करून, त्या जाडीला बसेल असे नवे टिप-गाइड (टोकाचे कडे) उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसवता येते. पुढे गरम करून ते काढताही येते, म्हणून झटपट चिकटणारे गोंद टाळावे. टोक पूर्वीपेक्षा कडक होईल आणि जिग अधिक झटक्याने उसळेल, पण छापील वजनमर्यादा वाढली असे मात्र समजू नका.