मुलांना घरी बायबलमधल्या गोष्टी कशा सांगायच्या?

तुम्ही लिहिलंय की रात्री पवित्र शास्त्र वाचायला घेतलं की 5 वर्षांची धाकटी पेंगते आणि 9 वर्षांचा थोरला "अजून किती राहिलं?" विचारतो. आमच्याकडेही हेच व्हायचं. मग मी वाचून दाखवणं सोडलं आणि सांगायला लागले. अध्याय दुपारी एकटीनं वाचून ठेवते, मुलांसमोर पुस्तक मिटलेलं असतं. आणि रात्रीचीच वेळ हवी असंही नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोला असंच आहे.

रूथ नावाच्या बाईच्या गोष्टीत 'सरवा' शब्द येतो, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य. शहरातल्या पोरांना तो कुठून माहीत असणार? मी शेंगा फोडत होते, तेव्हा मूठभर दाणे फरशीवर टाकले आणि लेकीला वेचायला लावले. माझी आजी भुईमुगाचा सरवा वेचायला जायची, तेही सांगितलं. शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या, हा नियम बायबलमधल्या 'लेवीय' पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातला. रूथ तर मवाब देशातून आलेली, परकीच. ती सरवा वेचते त्या शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम टाका, तिला धमकावू नका. लेक दाणे वेचता वेचता थांबली. "म्हणजे तिला कळू न देता द्यायचं?" मी फक्त हो म्हटलं.

अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट, म्हणजे बाप देवाच्या सांगण्यावरून मुलाचा बळी द्यायला निघतो ती, मात्र धाकटीला एवढ्यात सांगू नका. मी घाई केली होती. त्या रात्री माझा मुलगा बाबांशेजारी झोपायला तयार नव्हता, त्याला जवळ घेऊन बसावं लागलं.

आणि अगदी मनापासून सांगते, शेवटी तात्पर्य जोडू नका. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला बघा. बापाकडून घेतलेला वाटा उधळून धाकटा मुलगा परत आलाय, घरात नाचगाणं चाललंय, थोरला रागावून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत काढतोय. येशूचा दाखला तिथेच थांबतो. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेलंच नाही. तुम्हीही तिथेच थांबा, विशेषतः तुमच्या थोरल्यासाठी. माझा मुलगा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेचे बूट घालताना म्हणाला, "आई, तो गेला असेल गं आत. शेतातून आला होता ना, भूक लागली असेल त्याला."