कुंभारकामातले शब्द गोळा करायचेत? आधी यादी बाजूला ठेवा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबा कुंभारकाम करायचे, आता गावात एकाच घरी चाक फिरतं, तिथले शब्द नोंदवायचेत आणि त्यासाठी शंभर प्रश्नांची यादी तयार आहे. ती पुरेल का?

यादी घरीच ठेवून जा. मीही पहिल्यांदा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अशीच वही घेऊन गेले होते. थापटण्याकडे, म्हणजे मडकं ठोकून वाढवायच्या लाकडी फळीकडे, बोट दाखवून विचारलं, याला काय म्हणता? "थापटनं." कशाचं? "लाकडाचं." मडक्याच्या आतून धरायच्या गोल दगडाकडे बोट दाखवलं. "दगड." तासाभरात वीसेक शब्द मिळाले, सगळे मला आधीच ठाऊक असलेले. चहा झाला, मी वही मिटली आणि ते म्हातारे कुंभारबाबा कामाला बसले. अर्धवट सुकलेलं मडकं मांडीवर, डावा हात आत, उजव्या हातात थापटणं. दोन-चार ठोके मारले आणि वर न बघता नातवाला हाक: "आरं, त्यो बारका गुंडा आन हिकडं, ह्यो थोराड हाय."

पोरानं तोच दगड आणला, आकारानं लहान. मघाशी दगड का म्हणालात असं विचारलं तर म्हणाले, "तुमी दगड इचारला, म्या दगड सांगितला."

बाहेरचं माणूस विचारतं तेव्हा लोक बाहेरच्या माणसाला कळेल असा शब्द देतात. तो कमीपणा नव्हे, सौजन्य आहे. कामाचा शब्द कामात, घरच्या माणसाशी बोलताना निघतो. म्हणून दिवसभर बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा (अर्थात विचारून) आणि शब्द सुटा न लिहिता अख्खं वाक्य लिहा. माझं ते रेकॉर्डिंग ज्यांनी टंकून दिलं त्यांनी समासात लिहिलं होतं, "कोण गुंडा? पोलीस केस आहे का?" वाक्य आणि प्रसंग सोबत नसता तर पाच वर्षांनी मलाही तोच प्रश्न पडला असता.

दुसरं, नामांच्या मागे सगळेच लागतात, क्रियापदं राहून जातात. चाक, आवा (मडकी भाजायची भट्टी), माठ, रांजण, डेरा, परळ हे कोशात सापडतात. पण माती भिजत घालण्यापासून आवा उतरेपर्यंत हात काय काय करतात? चाळणं, तुडवणं, मळणं, चाकावरून उतरवणं, थापून वाढवणं, काव (तांबडी माती) लावणं, घोटणं. आवा रचतात की लावतात, आणि त्याच घरात दोन्ही म्हणत असतील तर फरक काय, हे विचारा. आणि चुकलेल्या मडक्याबद्दल हमखास विचारा. बिघडलेल्या मालावर माणूस भरभरून बोलतो. नीट भाजलेलं खणखणीत वाजतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. आमच्या बाबांनी दोन्ही वाजवून दाखवली, तो आवाज माझ्याकडे आहे. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवांना कच्चं ठरवलं ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरं म्हणजे कुंभाराची रोजची परीक्षा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

बायकांशी वेगळं बोला, आणि शक्यतो पुरुष समोर नसताना. बऱ्याच घरांत बाई चाकाला हात लावत नाही. पण माती, राख, लीद, रंग, आव्याची भर, बाजारातली विक्री यांत ती असतेच. तिचे शब्द निराळे. गिऱ्हाईक बायकांकडेही जा. उतरंड हा शब्द आज आपण जातीची उतरंड, सत्तेची उतरंड असा वापरतो. एकावर एक रचलेली गाडगी ज्या घरात खरोखर होती तिथल्या आजीला विचारा, सर्वांत खाली काय असायचं नि वर काय. खानदेशात खापरावर मांडे करणारी बाई खापराच्या जाडीबद्दल, बाकाबद्दल जे सांगेल ते बनवणाऱ्यालाही सुचणार नाही.

नाव दिवसानुसारही बदलतं. संक्रांतीला सुगड, नवरात्रात घट, अक्षय्य तृतीयेला कुठे करा-केळी, तर खानदेशात आखाजीची घागर. आणि प्रेतापुढे धरतात ते मडकं. म्हणून एका आजींनी मला पाण्याच्या माठाबद्दल बोलताना दटावलं होतं: "मडकं म्हनू नगं, माठ म्हन." तुमच्या तक्त्यात 'भांड्याचं नाव' असा एकच रकाना असेल तर हे सगळं सांडून जाईल. शब्दाशेजारी कोण बोललं (नाव नको, वय, बाई की पुरुष, माहेर-सासर कुठलं), कधी, काय करताना, एवढं असू द्या.

उच्चार सुधारू नका. कोशात वेळणी असेल, तुम्हाला येळणी ऐकू आली तर येळणीच लिहा. कोश शेवटी उघडा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती जालावर फुकट शोधता येते, त्यात बलुतेदारांच्या कामाचे शब्द भरपूर आहेत. पण तो आधी वाचून गेलात तर तुम्ही तेच शब्द बाबांच्या तोंडी घालाल आणि ते मान डोलावतील.

कौलांचं स्वतंत्र पान करा. चाकावर नळा ओढून, उभा चिरून केलेलं गावठी कौल मंगलोरी कौलानं मागे टाकलं आणि त्याबरोबर घडवण्याची, छपरावर लावण्याची, परतण्याची बोली पार आटली. इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या कुंभारभट्ट्यांमध्ये 'सॅगर मेकर्स बॉटम नॉकर' असा एक हुद्दाच होता: भट्टीत भांडी ज्या मातीच्या डब्यात ठेवत, त्या डब्याचे तळ ठोकून देणारा पोरगा. काम गेलं, नाव लोकांना हसण्यापुरतं उरलं. आपल्याकडे अशी बरीच नावंही लिहून ठेवलेली नाहीत.

धारावीच्या कुंभारवाड्यात जायचा विचार लिहिला आहे तर जरूर जा, पण ती वही वेगळी ठेवा. तिथली बरीच घरं सौराष्ट्रातून आलेली, घरची भाषा गुजराती. ते शब्द मराठीत मिसळलेत तर नंतर निवडता येणार नाहीत.

वेळ बघून जा. पावसाळ्यात काम थंड, दिवाळीआधी पणत्यांची आणि जानेवारीत सुगडांची घाई. तेव्हा ऐकायला मिळतं खूप, पण प्रश्न विचारलेत तर शिव्या खाल. मोकळं बोलणं हवं असेल तर संक्रांत उरकल्यावर, माठांचं काम सुरू होताना जा.

आणि आजोबांचं थापटणं घरात असेल तर सोबत न्या. ते हातात घेऊन आधी तोलून बघतील, मग त्यात खोड काढतील. रेकॉर्डिंग तेव्हा चालू असू द्या.